क्षर अक्षरांचे भुयार

'अक्षर' हा शब्द रोजच्या वापरात इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याचा मूळ अर्थ सहसा कोणाच्या मनात येत नाही. जे झरत नाही, झिजत नाही, नाश पावत नाही ते अक्षर. माणूस जातो आणि त्याने लिहिलेले, कोरलेले अक्षर मागे उरते, अशी एक जुनी श्रद्धा या शब्दाच्या पोटात आहे. शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या यांना आधार आहे तो याच श्रद्धेचा. संगणकाच्या काळ्या पडद्यावर खेळला जाणारा एक खेळ मात्र असा आहे, की त्याने हे नाते उलटे केले. तेथे माणूस मागे उरतो आणि अक्षर मरते.

त्या खेळाचे नाव 'रोग'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भामटा, लुच्चा. देवनागरीत लिहिला की तो व्याधी होऊन बसतो. आणि ज्यांनी त्याच्यापायी रात्रीमागून रात्री घालवल्या ते सांगतील, की हे लिप्यंतर अगदीच अस्थानी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन हे दोन विद्यार्थी एकत्र आले आणि १९८०च्या सुमारास त्यांनी हा खेळ रचला. टॉय पुढे बर्कलीच्या शाखेत गेला. तेथे केन अर्नोल्ड या कामात सामील झाला. युनिक्स या कार्यप्रणालीची एक शाखा त्या काळी बर्कलीहून इतर विद्यापीठांना वाटली जात असे. १९८३ साली तिच्या ४.२ या आवृत्तीसोबत हा खेळही रवाना झाला आणि ठिकठिकाणच्या संगणककक्षांत जाऊन राहिला.

तो काळ टर्मिनलचा होता. संगणक एक, आणि त्याला तारांनी जोडलेले पडदे अनेक. पडद्यावर चित्र उमटत नसे; अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढीच काय ती सामग्री. अशा पडद्यावर साधारणपणे २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० जागा. एकूण १,९२० घरे. १२०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला सुमारे १२० अक्षरे येत, म्हणजे भरलेला पडदा एकदा नव्याने रंगवायचा तर सोळा सेकंद लागत. पावलागणिक सोळा सेकंद थांबावे लागले असते, तर कोणताही खेळ पहिल्या दालनातच संपला असता. यावरचा उपाय अर्नोल्डच्या एका आज्ञावलीसंचात होता. पडद्यावर जेवढे बदलले असेल तेवढेच धाडायचे, बाकीचे जागच्या जागी राहू द्यायचे, हे त्या संचाचे काम. त्याचे नाव 'कर्सेस'. पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरवरून केलेली ती इंग्रजी कोटी. शब्दशः घेतले तर अर्थ होतो 'शाप'. भुयाराच्या खेळाला हे नाव शोभले.

पडद्यावर जे दिसते ते पाहताना मराठी वाचकाला अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण व्हावी. टिंबांची जमीन. आडव्या आणि उभ्या रेघांच्या भिंती. बेरजेचे चिन्ह म्हणजे दार, टक्क्याचे चिन्ह म्हणजे खाली जाणारा जिना. उद्गारचिन्ह पडलेले असेल तेथे कसल्याशा अर्काची कुपी आहे असे समजायचे. प्रश्नचिन्ह म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी. विसर्गासारखी एकाखाली एक दोन टिंबे म्हणजे अन्न. 'ए'पासून 'झेड'पर्यंतची सव्वीस मोठी रोमन अक्षरे म्हणजे सव्वीस जातींचे प्राणी आणि राक्षस. आणि या सगळ्यांत एकटे हिंडणारे, वेटोळ्यात बसलेले लहान 'ए' — आज ईमेलच्या पत्त्यामुळे सर्वांच्या ओळखीचे झालेले 'ॲट'चे चिन्ह — हा खेळणारा स्वतः. इंग्रजीत त्या चिन्हाचा अर्थ 'येथे'. मी येथे आहे, एवढेच ते सांगते. तोंडवळा नाही, वय नाही, जात नाही, वस्त्र नाही.

रांगोळीशी असलेले साम्य आणखी एका बाबतीत खरे आहे. सकाळी सडा पडला की कालची रांगोळी गेली. आजची नव्याने काढायची. भुयाराचा प्रत्येक तळ तीन गुणिले तीन अशा नऊ भागांत कल्पिलेला असतो. कोणत्या भागात दालन किती मोठे, कोणते दार कोणत्या बोळात उघडते, जिना कोठे, सोने कोठे, हे सगळे संगणक प्रत्येक डावात नव्याने ठरवतो. त्यामुळे पाठ केलेला नकाशा येथे कामाचा नाही. ज्यांनी हा खेळ लिहिला त्यांनाही पुढच्या बोळात काय आहे ते ठाऊक नसते. स्वतः रचलेल्या भुयारात स्वतःच चाचपडत हिंडण्याची सोय रचनाकारांनी करून ठेवली.

खेळ सुरू होतो तेव्हा जवळची पुंजी अल्प असते. थोडे अन्न, अंगावर कड्यांचे चिलखत, हातात एक गदा, धनुष्य आणि काही बाण. पडद्याच्या तळाशी एका ओळीत आयुष्याचा हिशेब मांडलेला: तळ पहिला, सोने शून्य, प्राणांक बारापैकी बारा. सव्वीस तळ उतरायचे, तेथे असलेला येंडोरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन पुन्हा वर यायचे, एवढेच उद्दिष्ट. 'येंडोर' हे 'रॉडनी' या साध्या इंग्रजी नावाचे उलटे स्पेलिंग आहे. भव्यतेच्या मागे लपलेला हा पोरकटपणा विद्यार्थ्यांच्या हातचा आहे हे सहज ओळखू येते.

सोय अशी, की घाई मुळीच नाही. खेळणाऱ्याने कळ दाबेपर्यंत राक्षसही पाऊल उचलत नाही. समोर 'टी' म्हणजे ट्रोल उभा असेल आणि खेळणारा उठून चहा करून आला, तरी ट्रोल तेथेच उभा राहील. चपळाईची परीक्षा येथे नाही. परीक्षा निर्णयाची आहे. आणि एकेक निर्णय वाटतो तेवढा साधा नसतो. जखमी झालेला जीव एका जागी थांबला तर हळूहळू भरून येतो. पण थांबण्यातही काळ जातो आणि काळाबरोबर भूक वाढते. तळाशी शब्द उमटतो: भुकेला. मग: अशक्त. मग मधूनच शुद्ध हरपू लागते. अन्न सापडायचे ते पुढे आणि खाली. खाली जावे तर तेथली अक्षरे अधिक बलवान. ज्या थांबण्याने जखम भरते त्याच थांबण्याने मरण जवळ येते. विश्रांतीची किंमत इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा खेळ सहज सांगता यायचा नाही.

ज्ञानाचीही किंमत अशीच मोजावी लागते. सापडलेली कुपी कोणत्या रंगाची आहे ते कळते, तिच्यात काय आहे ते कळत नाही. गुंडाळीवर निरर्थक अक्षरसमूहांचे नाव असते. या डावात निळी कुपी जखम बरी करणारी निघाली, म्हणून पुढच्या डावात ती तशीच असेल असे नाही. रंगांची वाटणीही दर डावी नवी. कळून घेण्याचा सरळ मार्ग एकच: पिऊन पाहणे, वाचून पाहणे. गुंडाळी वाचली आणि चिलखत अधिक बळकट झाले, असे होते. गुंडाळी वाचली आणि शेजारी नवा राक्षस उभा राहिला, असेही होते. शहाणा खेळणारा अज्ञात कुपी संकटात पीत नाही; निवांत असताना, पाठीशी जिना असताना पिऊन पाहतो. नवखा ती शेवटच्या क्षणासाठी जपून ठेवतो. शेवटचा क्षण येतो, प्राणांक चारवर आलेले असतात, समोर 'झेड' म्हणजे चालते प्रेत, आणि मग जपून ठेवलेली कुपी तोंडाला लावली जाते. ती आंधळेपणाची निघते. पडद्यावरची 'झेड' दिसेनाशी होते. तिचा घाव मात्र दिसत नसला तरी बसतो.

मग पडद्यावर थडगे उमटते. रेघा आणि टिंबे जुळवून काढलेला एक दगड. त्यावर खेळणाऱ्याचे नाव, जवळचे सोने, मारणाऱ्याची जात आणि चालू वर्ष. साठवलेल्या सोन्याचा दहावा हिस्सा मृत्यू कापून घेतो. आणि येथे या खेळाचा तो प्रसिद्ध नियम लागू होतो, ज्याच्यामुळे त्याच्या सगळ्या वंशजांना पुढे 'रोगलाइक' हे कुलनाम मिळाले: मेलेला परत येत नाही. डाव अर्धवट ठेवून जाता येते, त्यासाठी तो फाइलीत जतन करता येतो. पण ती फाइल उघडून पुन्हा खेळायला बसले, की संगणक ती पुसून टाकतो. ती एका डावाची खूण आहे, मागे फिरण्याचा परवाना नव्हे.

हा नियम कठोर वाटतो. पण ज्या पडद्यावर तो जन्माला आला त्या पडद्याच्या स्वभावाला धरूनच तो आहे. युनिक्सच्या टर्मिनलवर फाइल पुसण्याची आज्ञा दोन अक्षरांची असते. ती दिली की फाइल गेली. कचऱ्याची टोपली नाही, 'परत आणू का?' अशी विचारणा नाही. तेथे काम करणाऱ्याला चुकलेल्या एका कळीने महिन्याचे काम गमावण्याचा धोका रोजच पत्करावा लागे. पुढे संगणक मवाळ झाला. केलेले न केलेले करण्याची सोय प्रत्येक आज्ञावलीत आली. खेळांतही दर थोड्या अंतरावर आपोआप जतन होऊ लागले. कड्यावरून पडले तर कड्याच्या काठावर पुन्हा उभे राहता येऊ लागले. या सोयीने पुष्कळांचे भले झाले, यात शंका नाही. पण ज्या कड्यावरून पुन्हापुन्हा पडता येते, त्या कड्याच्या काठावर पाय थरथरत नाहीत.

या नियमाची खरी गंमत पुढेच आहे. तो मोडणे सोपे आहे. जतन केलेल्या फाइलीची दुसऱ्या नावाने एक प्रत करून ठेवावी. मूळ पुसली गेली तरी प्रत उरते. मेल्यावर ती मूळच्या जागी आणावी, की मेलेला पुन्हा जिवंत. सुरुवातीपासून खेळणाऱ्यांनी ही युक्ती वापरली, रचनाकारांनी तिच्यावर अटकाव घातले, खेळणाऱ्यांनी तेही ओलांडले. आज स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या मालकीच्या संगणकावर तर अटकाव करणारा कोणीच नाही. एका ओळीच्या आज्ञेचे काम. आणि तरीही या खेळाचे जुने जाणते खेळणारे ती ओळ लिहीत नाहीत.

का लिहीत नाहीत, हा प्रश्न या खेळापेक्षा मोठा आहे. पाहणारे कोणी नाही, पकडणारे कोणी नाही. बक्षीस नाही, दंड नाही. तीन आठवड्यांत प्रथमच कोणी अठराव्या तळावर पोहोचलेला असतो, रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि एका चुकीच्या कळीने सगळे संपते. त्या क्षणी नियम पाळण्याला एकच आधार असतो: आपणच स्वीकारले आहे म्हणून. मराठीत अशा गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे. त्याला व्रत म्हणतात. उपास करणाऱ्याच्या स्वयंपाकघराला कुलूप नसते. डबे फडताळात असतात, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. कुलूप असते तर तो उपास न होता उपासमार झाली असती. ज्याने प्रत केली त्याला सव्वीसावा तळ कदाचित दिसेल, ताईतही मिळेल. पण त्या ताईताचे वजन त्याच्या हाताला जाणवणार नाही, आणि ते का जाणवत नाही हे त्याच्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

वजन जाणवणे म्हणजे काय, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. १९८१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी 'रोग-ओ-मॅटिक' नावाची एक आज्ञावली लिहिली. तिचे काम एकच, हा खेळ माणसाच्या जागी बसून खेळणे. टर्मिनलवर येणारी अक्षरे ती वाचत असे, नकाशा मनात मांडत असे, कोणाशी लढावे आणि कोणापासून पळावे हे ठरवत असे आणि कळी दाबल्याप्रमाणे आज्ञा धाडत असे. ती चांगली खेळे. पुष्कळ माणसांपेक्षा चांगली. परंतु 'झेड'समोर उभी असताना तिच्या लेखी प्राणांक चार म्हणजे चार हा आकडा होता. चहा करायला उठण्याची गरज तिला कधी भासली नाही. माणूस मात्र उठतो, खोलीत दोन येरझारा घालतो, परत येऊन तीच चोवीस ओळींची मांडणी पुन्हा पाहतो. एका विरामचिन्हासाठी जीव खालीवर होतो, तो चिन्हामुळे नव्हे. ते गेले की परत येणार नाही, यामुळे.

महाराष्ट्राच्या जुन्या खेळांत मोक्षपटाशी या भुयाराची तुलना करण्याचा मोह होतो. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेल्या त्या पटावर शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. सापाने गिळले तरी सोंगटी मरत नाही, खालच्या घरात जाते आणि पुन्हा चढू लागते. तेथला मृत्यू हा पुनर्जन्माचा अल्पविराम आहे. शिवाय तेथे निवड नाही; कवड्या पडतील तसे जायचे. भुयारात कवड्या आहेतच, संगणकाच्या पोटात त्या सतत पडत असतात आणि घाव बसला की हुकला ते ठरवतात. पण दोन दानांच्या मध्ये खेळणाऱ्याच्या हाती काहीतरी सोपवलेले असते. 'ए' म्हणजे अ‍ॅक्वेटर नावाचा प्राणी भेटला, की तो धातूचे चिलखत गंजवतो. जाणता त्याला पाहताच चिलखत उतरवतो आणि उघड्या अंगाने लढतो. किंवा आधीच चामड्याचे घालून असतो, कारण चामडे गंजत नाही. हे तो कधीतरी एक पुरे चिलखत गंजवून शिकलेला असतो. ज्या 'ॲट'चे चिलखत गंजले ते केव्हाच मेले. शिकलेले मात्र उरले, आणि ते पुढच्या 'ॲट'च्या कामी येते. या खेळात सोंगटीला पुनर्जन्म नाही. संस्कार मात्र एका जन्मातून दुसऱ्यात जातात.

'रोग'च्या वंशजांनी या कल्पनेला आणखी एक वळण दिले. १९८२ सालच्या 'हॅक'मधून १९८७ साली 'नेटहॅक' निघाला, आणि तो आजही खेळला जातो. तेथे एखादा खेळणारा मरतो तेव्हा कधीकधी तो संपूर्ण तळ जसाच्या तसा जपून ठेवला जातो. अशा फाइलीला 'बोन्स' म्हणतात, म्हणजे हाडे. एकाच संगणकावर खेळणारा दुसरा कोणी पुढे त्या तळावर उतरला, की त्याला पहिल्याचे भूत भेटते आणि त्याच्या वस्तू जमिनीवर पडलेल्या दिसतात. बहुतेक शापित झालेल्या. पण एखादी कामाचीही. आधीचा कोठे अडला, कशाने मेला, जवळ काय असूनही त्याने वापरले नाही, हे दुसरा त्या अवशेषांवरून वाचतो. वारसा म्हणून मिळतात त्या वस्तू आणि मृताची चूक, दोन्ही एकदम.

डाव छोटा असणे हे या घराण्याचे आणखी एक लक्षण. पहिल्या चार-पाच तळांतच बहुतेक डाव संपतात, दहा-पंधरा मिनिटांत. एखादी मोठी आज्ञावली यंत्राकडून भाषांतरित होत असताना, चहा निवत असताना, दोन कामांच्या फटीत एक आयुष्य बसते. २००५ सालापासून दरवर्षी सात दिवसांत असा एक नवा खेळ लिहून पुरा करण्याची स्पर्धा होते. तिच्यातूनही पुष्कळ छोटी भुयारे निघाली. २००८ साली बर्लिनच्या एका परिषदेत या खेळांची लक्षणे क्रमवार लिहिली गेली, आणि २००९ साली आलेल्या 'ब्रोग'ने तोच ताईत पुन्हा सव्वीसाव्या तळावर ठेवून पूर्वजांना मुजरा केला. लक्षणांवर वाद झाले, होत आहेत. छोट्या डावाचा लाभ मात्र वादातीत आहे: तो मरणाची सवय लावतो. संध्याकाळी तीनदा मेलेला माणूस चौथ्यांदा मरताना चिडत नाही. कोठे चुकले ते पाहतो.

क्वचित कोणी तळाशी पोहोचतो. त्याला तेथे कळते, की काम अर्धेच झाले आहे. अभिमन्यूला व्यूहात शिरणे ठाऊक होते, निघणे नव्हते. या भुयारातही ताईत हाती येईपर्यंत वर जाणारा जिना कोणाचेही पाऊल घेत नाही. ताईत मिळाला की तो मोकळा होतो, आणि सव्वीस तळ उलट्या क्रमाने, नव्याने मांडलेल्या बोळांतून चढायचे असतात. जो वर येतो त्याला पडदा सांगतो, की त्याने घरी जाऊन सगळी लूट भरपूर नफ्याने विकली आणि योद्ध्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला. लढाई संपली आहे, आता हिशेब. पुढची कळ दाबली की त्याचाही डाव संपतो.

शेवटी पडद्यावर येते ती दहा नावांची यादी. नावासमोर सोने, आणि सोन्यासमोर एक ओळ: अमुक तळावर, अमुक प्राण्याकडून मृत्यू. वर येऊन पोहोचलेला कोणी असलाच, तर त्याचे नावही त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत. इतर ओळी मेलेल्यांच्या, आणि त्यांतली बरीचशी नावे एकाच माणसाची असतात. तो माणूस यादीसमोर बसलेला असतो. यादीच्या खाली कर्सर लुकलुकत असतो, आणि त्याच्यापुढची जागा रिकामी असते.